ओपनिंग बुक की टेबलबेस: एक टीबी कशाने भरायची?

बी विंगमधल्या ताईंनी परवा मला लिफ्टपाशी गाठलं. मुलगा सातवीत, रेटिंग पंधराशेच्या आतबाहेर, महिन्यातले दोन रविवार तरी बुद्धिबळाच्या कुठल्या ना कुठल्या स्पर्धेत जातात.

"काका, लॅमिंग्टन रोडवरून एक टीबीची एसएसडी आणायचं ठरलंय. ह्याचे सर म्हणतात, सहा सोंगट्यांचे टेबलबेस टाका. ह्याचा मित्र म्हणतो, त्यापेक्षा भारीतलं ओपनिंग बुक विकत घ्या. दोन्ही मावेल ना?"

मावेल की. ओपनिंग बुक म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचा साठा, आणि टेबलबेस म्हणजे पटावर थोड्याच सोंगट्या उरल्यावरच्या प्रत्येक स्थितीचा पक्का निकाल. सहा सोंगट्यांपर्यंतचे सिझिजी नावाच्या पद्धतीचे टेबलबेस १५० जीबीच्या आसपास भरतात आणि ओपनिंग बुक त्यामानाने किरकोळ जागा खातं. पण जागा आहे म्हणून भरायचं, तर आपल्या घरातल्या माळ्यांचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. लिफ्ट येईपर्यंत सांगून होण्यासारखं हे नव्हतं, म्हणून लिहून काढतोय. असाच प्रश्न पडलेले आणखी चार जण असतीलच.

आधी एक गैरसमज दूर करू. इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, उतरवून घेतलं की बुक आणि टेबलबेस आपोआप मिळतात असं बऱ्याच पालकांना वाटतं. स्टॉकफिश फुकट मिळतं, आज जगातल्या सर्वात ताकदवान इंजिनांमध्ये त्याची गणना होते, पण त्याच्याबरोबर ह्यातलं काहीच येत नाही. बुक वाचायची सोय तर त्यातून बऱ्याच वर्षांपूर्वी काढूनच टाकली. ते काम आता पट दाखवणारा प्रोग्रॅम करतो. टेबलबेस वाचायची सोय इंजिनात आहे, पण फायली आपण आणायच्या आणि त्या कुठे ठेवल्यात ते त्याला सांगायचं.

आता बुक. मी कायम असं सांगतो: ओपनिंग बुक म्हणजे गावातली चर्चा आणि टेबलबेस म्हणजे सातबारा. चर्चेत तथ्य असतं, कधी कधी भरपूर असतं, पण जमीन कोणाची ते चर्चेवर ठरत नाही.

बुकची फाइल आतून कशी असते हे एकदा बघण्यासारखं आहे. पॉलिग्लॉट नावाची पद्धत सर्वात रुळलेली. तिच्यात प्रत्येक नोंद १६ बाइटची असते. आठ बाइट पटावरच्या स्थितीची ओळख, दोन बाइट चाल, दोन बाइट त्या चालीचं वजन आणि उरलेले चार शिकण्यासाठी राखीव, जे बहुधा रिकामेच असतात. वजन काढायची नेहमीची रीत म्हणजे जिंकलेल्या डावाला दोन, बरोबरीला एक, हरलेल्याला शून्य, आणि सगळ्याची बेरीज. मग प्रोग्रॅम त्या वजनाच्या प्रमाणात चिठ्ठी काढतो. ती चाल का खेळायची, हे लिहायला त्या १६ बाइटांत कुठेच जागा नाही.

ह्याचा फटका मी स्वतः खाल्लाय. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका दुकानातून मी 'लाखो डावांचं' म्हणून एका बुकची सीडी आणली. पॅकिंग झकास होतं. काळ्याकडून कॉम्प्युटर माझ्याशी खेळायचा आणि अधूनमधून तिसऱ्या दिवशीच्या भाजीसारखं काहीतरी वाढायचा: राजासमोरचं प्यादं दोन घरं, घोडा बाहेर, आणि लगेच काळ्याचं एफचं प्यादं दोन घरं पुढे (पटाच्या उभ्या ओळींना ए ते एच आणि आडव्यांना १ ते ८ अशी नावं असतात). लॅटव्हियन गॅम्बिट. मला वाटलं, मशिन खेळतंय म्हणजे काहीतरी खोल असणार. मीही क्लबात तेच खेळायला लागलो आणि ओळीने मार खाल्ला. नंतर फाइल उघडून पाहिली तर त्या चालीला वजन अगदीच मामुली होतं. पण मामुली म्हणजे शून्य नव्हे, म्हणून दर काही डावांनी चिठ्ठी तिची निघायची. आणि ज्या डावांवरून ते वजन आलं, त्यातले बरेचसे पाच मिनिटांचे झटपट डाव होते. मशिनने काहीच ठरवलं नव्हतं, ते फक्त ऐकीव बोलत होतं.

दुसरी गोची बुक संपतं तिथे. जुन्या प्रोग्रॅमांत हे डोळ्यांना दिसायचं. पंधराव्या चालीपर्यंत ग्रँडमास्टरसारखी ऐट, सोळाव्याला बुक संपलं की उंट मुकाट मागे, घोडा आला त्या घरी परत. कारण बुकाने आणून सोडलेली जागा इंजिनाला स्वतःच्या हिशेबाने पसंतच नसायची. मुलांचंही नेमकं हेच होतं, म्हणून हे लांबण लावतोय.

बुकाची ताकद नाकारायची मात्र नाही. ११ मे १९९७, न्यूयॉर्क, आयबीएमचं मशिन डीप ब्लू विरुद्ध जगज्जेता कास्पारोव्ह, सहावा डाव. कास्पारोव्हने कारो-कान ओपनिंगमध्ये सातव्या चालीला एचचं प्यादं एक घर सरकवलं आणि डीप ब्लूने घोडा देऊन ई६ वरचं प्यादं मारलं. जगभर चर्चा झाली की मशिनला बलिदान कळायला लागलं. प्रत्यक्षात ती चाल बुकातली होती. डीप ब्लूच्या संघात काम केलेले स्पॅनिश ग्रँडमास्टर मिगेल इलेस्कास यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं की ती त्याच दिवशी सकाळी भरली होती. डाव १९ चालींत आटपला आणि सामना ३.५ विरुद्ध २.५ असा मशिनने जिंकला. एका नोंदीची एवढी किंमत बुद्धिबळात दुसरीकडे क्वचितच कोणी मोजली असेल.

पण तो काळ वेगळा होता. २०१७ च्या डिसेंबरात अल्फाझीरो ह्या स्वतःशीच खेळून शिकलेल्या प्रोग्रॅमने स्टॉकफिशशी १०० डाव खेळून २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले, एकही हरलं नाही. तेव्हा तक्रार झाली की स्टॉकफिशला बुक दिलं नव्हतं. वर्षभराने आलेल्या सविस्तर निबंधात बुक देऊनही सामना झाला आणि अल्फाझीरोच वरचढ ठरलं. २०२० मध्ये स्टॉकफिशमध्येही न्यूरल नेटवर्क आलं आणि त्यानंतर चांगलं इंजिन बुकाशिवायच ओपनिंग नीट खेळतं. टीसीईसीसारख्या इंजिनांच्या मोठ्या स्पर्धेत तर सुरुवातीच्या चाली आयोजकच ठरवून देतात, तिरक्या-तिरक्या, कारण मोकळं सोडलं तर बरोबऱ्यांचाच पाऊस पडतो. म्हणजे आज बुक इंजिनाची ताकद वाढवत नाही. ते विविधता देतं. बुक नसेल तर इंजिन जवळपास त्याच त्या वाटेने येतं आणि पोराला आठ दिवसांत कंटाळा येतो.

टेबलबेसची जात निराळी. इथे कोणाचे डाव गोळा केलेले नसतात. मात झालेल्या सगळ्या स्थिती आधी मांडायच्या, त्यांच्या आधीची चाल काय असू शकते ते बघायचं, मग त्याच्या आधीची, असं उलटं चालत यायचं. शेवटी ठरावीक सोंगट्यांची प्रत्येक स्थिती जिंकलेली, हरलेली की बरोबरीची ते पक्कं होतं. राजे धरून सोंगट्या मोजायच्या हे लक्षात ठेवा, 'पाच सोंगट्या' ऐकून पुष्कळ जण फसतात. कॅसलिंग तेवढं हिशेबात नसतं, पण पाच सोंगट्या उरल्यावर कॅसलिंगचा हक्क कोणाचा शिल्लक असतो म्हणा.

ह्या उलट्या हिशेबाने मोठमोठ्यांची मतं खोडली आहेत. दोन उंट विरुद्ध एक घोडा ही लढत शंभराहून जास्त वर्षं बरोबरीची मानली जायची, कारण घोडेवाल्यासाठी १८५१ पासून एक भक्कम बचाव छापलेला होता. केन थॉम्पसन ह्या संगणकतज्ज्ञाने १९८३ मध्ये गणित पूर्ण केलं आणि निघालं की उंटवाला सर्वसाधारणपणे जिंकतो, फक्त ६६ चालींपर्यंत लागू शकतात. त्याच थॉम्पसनच्या मशिनसमोर त्याआधी काही वर्षं अमेरिकेचा विजेता वॉल्टर ब्राउन वजीर घेऊन हत्तीविरुद्ध बसला होता. कुठलंही पुस्तक 'सहज विजय' म्हणतं अशी लढत. पहिल्यांदा त्याला पन्नास चालींत जिंकता आलं नाही (पन्नास चाली प्यादं न सरकता आणि काही न मारता गेल्या की बरोबरी मागता येते). अभ्यास करून तो परत आला, तेव्हा काम झालं, पण थेट पन्नासाव्या चालीला. मशिन बचाव करताना हत्ती राजापासून लांब ठेवत होतं, जे कुठलाही माणूस भीतीपोटी करत नाही.

आता आकारमान, कारण एसएसडीचा प्रश्न इथेच सुटतो. पाच सोंगट्यांपर्यंतचे सिझिजी टेबलबेस एक जीबीच्या आतच बसतात, फायली २९०. सहापर्यंत गेलं की १५० जीबी. सात सोंगट्यांचे २०१८ मध्ये पूर्ण झाले, ते १७-१८ टीबी. त्याआधी २०१२ मध्ये मॉस्कोत लोमोनोसोव्ह टेबलबेस तयार झाले, ते १४० टीबी होते. जुने नालिमोव्ह पद्धतीचे सहा सोंगट्यांचे घ्यायचे तर १.२ टीबी. म्हणजे सिझिजीने किती आवळून भरलंय बघा. हे सगळं फुकट मिळतं. कोणी पेनड्राइव्हवर घालून विकत असेल तर तो पेनड्राइव्हचे पैसे घेतोय असं समजा.

सिझिजीची एक खोड माहीत असलेली बरी. ते मात व्हायला किती चाली उरल्या ते सांगत नाही. पन्नास चालींच्या नियमाचा काटा पुन्हा शून्यावर येईपर्यंत, म्हणजे प्यादं सरकेपर्यंत किंवा काहीतरी मारलं जाईपर्यंत किती चाली, ते सांगतं. नुसत्या त्या आकड्यावर खेळलं तर जिंकणारा कधी कधी जास्तीची सोंगटी उगाच देऊन टाकतो, कारण हिशेबात काही बिघडत नाही. पोराने ते पाहून 'अशीच पद्धत असते' म्हणायला नको. शिवाय टेबलबेस जोडले की इंजिन किती प्याद्यांचा फायदा आहे म्हणून जो आकडा दाखवतं, तो सव्वा-दीडवरून अचानक शंभराच्या वर उडी मारतो. ते बिघडलेलं नसतं, त्याला सातबारा सापडलेला असतो.

इंजिनाची ताकद ह्याने किती वाढते? फारशी नाही. आजचं इंजिन सोप्या लढती स्वतःच बरोबर खेळतं, त्यामुळे टेबलबेसने रेटिंगमध्ये पडणारा फरक थोडकाच. त्याला खरी अडचण येते ती कोंडून बसलेल्या बचावात, जिथे सोंगट्या जास्त असूनही आत शिरायला वाटच नाही. आणि तिथे सोंगट्या इतक्या असतात की टेबलबेस पोचतच नाहीत.

म्हणजे इंजिनासाठी दोन्ही वस्तू आज दुय्यम झाल्या. ताईंना इंजिन मोठं करायचं नाहीये, मुलगा मोठा करायचाय. आणि इथे दोन्हींचं पारडं सारखं राहत नाही.

त्याचा गेल्या स्पर्धेतला एक डाव मी पाहिला. पांढऱ्याकडून पहिल्या चौदा चाली त्याने दोन मिनिटांत ठोकल्या, सगळ्या पाठ. पंधरावी चाल समोरच्याने वेगळी केली आणि साहेब अकरा मिनिटं पटाकडे बघत बसले. तरीही पोरगा चिवट, डाव जिंकत आणला. शेवटी पटावर राहिलं काय, तर त्याचा पांढऱ्या घरांवरचा उंट, जी आणि एच अशी दोन प्यादी, आणि समोर राजा आणि एकुलतं एक काळं प्यादं. त्याने जीचं प्यादं देऊन ते शेवटचं काळं प्यादं मारलं. 'एक उंट, एक प्यादं जास्त, समोर नुसता राजा.' काळ्याचा राजा चालत एच८ च्या कोपऱ्यात, म्हणजे एचचं प्यादं वजीर व्हायला जिथे पोचायला हवं तिथेच, गेला आणि बसला. एच८ हे काळं घर. पांढऱ्या घरांवरच्या उंटाला तिथून राजा हुसकता येत नाही, कोणी कितीही जोर लावा. बरोबरी. पोरगा बाहेर आला तेव्हा डोळे भरलेले, आणि आईला कळेना की इतकं जास्त असून जिंकला कसा नाही.

जुन्या प्रोग्रॅमांना ही गोष्ट शिकवलेली नसली तर तेही इथे खुशाल तीन-चार प्याद्यांचा फायदा दाखवत बसायचे. टेबलबेस क्षणात 'बरोबरी' म्हणतं. आणि महत्त्वाचं हे की त्यासाठी सहा सोंगट्यांच्या फायली लागत नाहीत. प्यादं देण्याआधीची स्थिती सहाची होती हे खरं, पण इंजिन पुढच्या चाली बघतं आणि मारामारीनंतरच्या चार सोंगट्या एक जीबीवाल्या फायलींत सापडतात. इंजिन तिथून निकाल घेऊन मागे येतं. त्याच्या वयाच्या मुलांच्या डावात जे शेवट येतात, ते बहुतेक असे एक-दोन मारामाऱ्यांच्या अंतरावर असतात.

एखाद्या जागेचा पक्का निकाल हवाच असेल तर लिचेस ह्या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर पृथक्करणाच्या पटावर स्थिती मांडा. सात सोंगट्यांपर्यंत तिथे टेबलबेस लागलेले आहेत, फुकट. त्या दिवशी हॉलबाहेर रस्त्यावर उभं राहून आईच्या मोबाइलवर आम्ही तेच केलं. प्रत्येक चालीपुढे 'विजय', 'बरोबरी' लिहून आलं. जीचं प्यादं राखणाऱ्या चालींपुढे विजय होता. पोरगा बराच वेळ त्या यादीकडे बघत राहिला. कुठल्याही बुकाने त्याला असं थांबवलेलं मी पाहिलं नाही.

मोठ्यांच्या पातळीवरही हे घडतं. सिंगापूरला १२ डिसेंबर २०२४ ला गुकेश आणि डिंग लिरेन यांच्यातल्या जगज्जेतेपदाच्या सामन्याचा चौदावा डाव. दोघांच्याही संघांनी ओपनिंगच्या तयारीत महिने घातले असणार. किताब ठरला तो ५५ व्या चालीला. डिंगने हत्ती एफ२ वर आणून हत्तींची मारामारी देऊ केली, त्याचा उंट पार ए८ च्या कोपऱ्यात होता, गुकेशने हत्ती मारून उंट डी५ वर आणून तोही मारायला लावला, आणि उरलेली राजा-प्याद्यांची लढत हरलेली होती. ५८ व्या चालीला डाव संपला.

टेबलबेसची बाजू घेतोय, तर त्याचं उणंही सांगायला हवं. 'का' तेही सांगत नाही. अमुक चालीने विजय, तमुकने बरोबरी, एवढंच. सातबाऱ्यावर मालकाचं नाव असतं, भांडण का झालं ते नसतं. म्हणून त्याच्यासमोर नुसतं बघत बसण्यात अर्थ नाही. आधी स्वतः उत्तर द्यायचं, मग विचारायचं. ह्या बाबतीत बुकापेक्षा ते बरं एवढ्याचसाठी की उत्तर चुकीचं असायची भीती नाही.

मग कोणी काय घ्यावं? रेटिंग अठराशेच्या खाली असेल तर पाच सोंगट्यांच्या फायली लॅपटॉपवर टाका, सातसाठी मोबाइल आहेच, आणि विकतचं बुक अजिबात घेऊ नका. बुक हवंच असेल तर स्वतः बनवा. क्लबातली, क्लासमधली जी मुलं सतत समोर येतात, त्यांचे डाव पीजीएन फाइलमध्ये (डाव लिहून ठेवायची साधी मजकूर-फाइल) गोळा करून त्याचं पॉलिग्लॉट बुक करता येतं. कॉम्प्युटर मग त्यांच्याच ओपनिंग खेळतो. शंभरभर डावांचं असं बुक लाखो डावांच्या बुकापेक्षा उपयोगी पडतं. फक्त फडतूस चालींचं वजन हाताने शून्य करायला विसरू नका. माझी लॅटव्हियन आठवा.

दोन हजारांच्या पुढे गेल्यावर पारडं थोडं फिरतं. तिथे समोरचा बुकातल्या चुकीची शिक्षा देतो, तयारीशिवाय बसता येत नाही. तरी तेव्हाही लागतो तो नीट चाळलेला डेटाबेस. त्यातून काय घ्यायचं हे खेळाडूने किंवा प्रशिक्षकाने ठरवायचं. तयार बुक तिथेही दुसऱ्याचं शिळं अन्नच.

सहा सोंगट्यांचे १५० जीबी कोणासाठी? इंजिनांच्या आपसात झुंजी लावायचा ज्यांना छंद आहे त्यांच्यासाठी, आणि आयसीसीएफ ह्या जागतिक संघटनेत पत्राद्वारे खेळणाऱ्यांसाठी. तिथे इंजिनांना मुभा आहे आणि टेबलबेसच्या आधारे निकालाचा दावाही करता येतो. अशांनी घेतलेच तर एक काटकसर करा. निकाल सांगणाऱ्या फायली साधारण ६८ जीबीच्या आहेत, इंजिन विचार करताना सतत त्याच चाळतं, त्या एसएसडीवर ठेवा. अंतर सांगणाऱ्या ८२ जीबीच्या फायली तुलनेने क्वचित उघडतात, त्या जुन्या हार्ड डिस्कवर चालतात. पेनड्राइव्हवरून मात्र काहीच चालवू नका, इंजिन फाइल वाचण्यातच वेळ घालवतं.

ताईंनी एसएसडी घेतली, पण ५०० जीबीची, कारण लॅपटॉप तसाही कुथत होता. उरलेले पैसे पुढच्या दोन स्पर्धांच्या प्रवेश फीला. रविवारी सकाळी मी २९० फायली टाकून दिल्या, दहा मिनिटांचं काम. मग पोराला उंट आणि घोडा देऊन नुसत्या राजावर मात करायला बसवलं. कुठूनही सुरुवात करा, नीट खेळलं तर ३३ चालींत होते. पहिल्या वेळी त्याच्या पन्नास चाली उलटल्या आणि पाटी आली, बरोबरी. इथे मात हमखास लावता येते ती उंटाच्या रंगाच्या कोपऱ्यातच. उंट काळ्या घरांचा आणि तो राजाला ए८ कडे ढकलत होता.

"काका, ते पांढरं घर आहे ना?" दुसऱ्या खेपेला त्याने स्वतःच विचारलं, आणि राजाला पटाच्या कडेकडेने एच८ कडे हाकायला लागला. पोहे गार होत होते.